पाचकाची बाटली आणि सासूबाईंच्या गोळ्या

मागे एकदा आल्याच्या वड्यांची कृती दिली होती, तेव्हापासून आल्याबद्दल पत्रं येतच आहेत. वड्या चिकट झाल्या, वड्या पडल्याच नाहीत, साखर कच्ची लागली, अशी बरीच. पण परवा आलेलं एक पत्र वेगळं होतं. एका मैत्रिणीने लिहिलंय, "ताई, माझ्या यजमानांना अल्सर सांगितला आहे. डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आहेत, पण त्या घेतल्या की तोंड कडू होतं म्हणून हे कंटाळलेत. मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे, की रोज अनशापोटी दोन चमचे आल्याचा रस घेतला तर पोटाच्या आतल्या अस्तराला कवच येतं आणि अल्सर बरा होतो. गोळ्या थांबवून हे करून पाहू का? तुम्ही आल्याचं इतकं कौतुक करता म्हणून तुम्हालाच विचारते."

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मी पत्र घेऊन बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. कारण हे कौतुक मी खरंच केलेलं आहे, आणि ते माझ्याच घरात एकदा चांगलं महागात पडलं आहे. आजवर या पानावर ते लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

आमच्या सातारा जिल्ह्यात आल्याचं काही नवल नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण होते, आठ-नऊ महिन्यांनी काढणी. बाजारात नवं आलं आलं की पाटीभर मातीचा वास घरात येतो. माझ्या माहेरी पोटाच्या कुठल्याही तक्रारीवर एकच उत्तर होतं, पाचक. आलं किसून पिळायचं, रस तासभर निवळू द्यायचा, तळाशी पांढरा साका बसतो तो टाकून वरचं घ्यायचं, त्यात लिंबाचा रस, सैंधव आणि चवीला साखर. बाटली भरून ठेवायची. जेवणाआधी एक चमचा. मी सासरी आले ती ही कृती घेऊनच, आणि सासूबाईंनीही ती मोठ्या मनाने आपलीशी केली. इतकी, की पुढे पुढे शेजारणींना "आमच्या सूनबाईचं पाचक" म्हणून त्याच वाटायच्या.

गेल्या वर्षी पावसाळ्यात सासूबाईंचे गुडघे फार धरले. वय अडुसष्ट, जिने चढायचे म्हणजे कठड्याला धरून. कुणीतरी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची एक पट्टी आणून दिली. एक गोळी घेतली की दुपारपर्यंत आराम. मग ती पट्टी संपली, दुसरी आली, तिसरी आली. चिठ्ठी ना काही. मला ठाऊक होतं, पण गुडघे दुखत नाहीत ना, मग घेऊ देत, असंच मी म्हटलं. श्रावणात उपासही पुष्कळ. सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. त्या दिवशी गोळी नुसत्या चहावर.

भाद्रपदात त्यांना पोटात जळजळ सुरू झाली. बरगड्यांच्या खाली, मधोमध. "पित्त झालंय गं," म्हणाल्या. मी लगेच पाचक काढलं. अनशापोटी एक चमचा, मग दोन. घेतल्यावर थोडा वेळ बरं वाटायचं. ढेकर यायचा, अन्न खाली उतरल्यासारखं वाटायचं. आम्ही दोघी खूश. असे पाच-सहा आठवडे गेले. मध्ये त्या थकायला लागल्या, दोन पायऱ्यांवर दम लागायचा, चेहरा पांढुरका दिसायचा. आम्ही म्हटलं, उपास, वय, पाऊस.

नवरात्रात अष्टमीला देवघरासमोर उठताना त्यांना चक्कर आली. समई हाताशी होती, नशीब की पदर लांब होता. आमचे हे घरीच होते म्हणून लगेच नेता आलं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, शौचाला काळं होतंय का? डांबरासारखं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "होतंय खरं. पंधरा दिवस झाले असतील."

"मग सांगितलं नाहीत?"

"हे काय सांगायचं असतं होय?"

मैत्रिणींनो, माझं काळीज तिथेच चरकलं. एका घरात राहतो, एका ताटात वाढतो, त्यांची वेणी मी घालते, आणि हे मला ठाऊक नाही. हिमोग्लोबिन निघालं ६.२. रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने पोट पाहिलं. जठरात एक व्रण होता आणि त्यातून थोडं थोडं रक्त झिरपत होतं. जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासला तेव्हा त्यात जंतूही सापडले.

त्या चार दिवसांत रुग्णालयाच्या बाकावर बसून मी डॉक्टरांना जे जे विचारलं, आणि घरी आल्यावर जे जे वाचून काढलं, ते आता तुम्हाला सांगते. मी कला शाखेची, शाळेत अर्धवेळ संस्कृत शिकवते, तेव्हा शास्त्रातलं मला समजलं त्याच भाषेत सांगेन.

जठरातला आम्लरस लिंबाच्या रसाहूनही आंबट असतो. असा रस ज्या पिशवीत असतो, ती स्वतः कशी जळत नाही, हा खरा प्रश्न आहे. उत्तर असं, की अस्तरावर चिकट बुळबुळीत स्रावाचा थर असतो, आणि त्या थराच्या आतल्या बाजूला आम्ल मारणारा खारट स्राव, आपल्या खायच्या सोड्याच्या जातीचा, पाझरत असतो. शिवाय अस्तराच्या वरच्या पेशी सारख्या झडतात आणि चार-सहा दिवसांत नव्या येतात. आपल्या आजीच्या वेळचं अंगण आठवा. रोज पाय पडायचे, पोपडे निघायचे, पण दर दोन-चार दिवसांनी सारवण व्हायचं म्हणून जमीन उखडत नसे. पोटाचंही तसंच आहे. ही सारवण चालू ठेवण्याचा निरोप देणारी काही द्रव्यं शरीर स्वतःच तयार करतं, त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात.

आता गंमत पाहा, खरं तर गंमत कसली म्हणा. हीच द्रव्यं शरीरात दुसरीकडे दुखणं आणि सूज यांनाही कारण असतात. ॲस्पिरिन आणि तिच्या जातीच्या गोळ्या ती द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. हे इंग्लंडमधल्या जॉन वेन या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिलं आणि १९८२ मध्ये त्याबद्दल त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक याही त्याच कुळातल्या. गुडघ्याचं दुखणं थांबवणारी गोळी पोटातल्या सारवणाऱ्या बाईलाही रजा देऊन टाकते. आणि गोळी जेवणानंतर घेतली की झालं, हेही पुरतं खरं नाही. जेवणानंतर घेतली तर जळजळ कमी होते, पण गोळी रक्तात जाऊनही आपलं काम करतेच. इंजेक्शनाने दिली तरी करते. हे ऐकून मला धक्काच बसला, कारण "पोटात काही असू दे आणि मग घे" एवढी एकच काळजी आपण आजवर घेत आलो.

दुसरं कारण जंतू. पूर्वी अल्सर म्हटलं की तिखट, चिंता, जागरण आणि पित्त यांच्यावर खापर फुटायचं. दूध प्या, पचपचीत खा, मनाला लावून घेऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांना रोग्यांच्या जठरात मळसूत्रासारखे वळणदार जंतू दिसत होते. १९८२ मध्ये त्यांनी ते वाढवून दाखवले. एवढ्या आम्लात जंतू जगतात यावर कुणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने ते जंतू घातलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं! आठवड्याभरात त्याला उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज आलेली दिसली. (त्याच्या बायकोला आधी सांगितलं नव्हतं म्हणे. नवरे सगळीकडे सारखेच.) २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपल्या देशात निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात तो असतो, बहुतेकांना लहानपणीच घरातून किंवा पाण्यातून लागलेला. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, थोड्यांना व्रण होतो. जंतू असताना वेदनाशामक गोळ्या चालू ठेवल्या तर धोका आणखी वाढतो. सासूबाईंचं तेच झालं होतं.

मिरची मात्र निर्दोष सुटली. ती जळजळ वाढवते, पण व्रण पाडत नाही. आणि दुधाचं म्हणाल तर पहिला अर्धा तास बरं वाटतं, मग उलट आम्ल अधिक सुटतं. विडी-सिगारेट मात्र खरी वैरी. तिने व्रण होतोही आणि लवकर भरतही नाही. हे आपापल्या घरी वाचून दाखवायला हरकत नाही.

मग आल्याचं काय? मैत्रिणीने पाठवलेला मजकूर अगदीच हवेतला नाही, हे आधी कबूल करते. आल्याचा तिखटपणा ज्यात असतो त्या द्रव्याला जिंजेरॉल म्हणतात. आलं वाळून सुंठ झाली की त्यातल्या काही जिंजेरॉलचं शोगाओल होतं, म्हणून सुंठीचा झटका वेगळा. प्रयोगशाळेत उंदरांवर याचे पुष्कळ प्रयोग झाले आहेत. जपानमध्ये १९८८ साली, आणि नंतर इतर देशांतही. उंदरांना आल्याचा अर्क दिला, मग मद्यार्क, आम्ल किंवा ॲस्पिरिनसारखी औषधं देऊन त्यांच्या जठराला इजा केली, तर आलं दिलेल्या उंदरांच्या अस्तराला कमी जखमा झाल्या. आपल्या म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनीही २००७ मध्ये दाखवलं, की आल्यातली काही द्रव्यं प्रयोगशाळेत जठरातला आम्ल सोडणारा पंप मंदावतात आणि त्या वळणदार जंतूंची वाढही रोखतात.

वाचताना मला फार बरं वाटलं. माझं पाचक पुन्हा मानाने फडताळात बसणार, असं वाटलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

त्या प्रयोगांत आलं आधी दिलेलं होतं, इजा नंतर केली होती. म्हणजे छत्री पाऊस येण्यापूर्वी उघडली होती. भिजून थंडी भरलेल्या माणसाला छत्री देऊन ताप उतरत नाही. झालेला, रक्त झिरपणारा व्रण आल्याने माणसात भरून येतो, असं त्यातून निघत नाही. दुसरं म्हणजे उंदराच्या इवल्याशा वजनाच्या मानाने अर्काची मात्रा मोठी होती. आपण चहात किसतो त्या आल्याशी तिची तुलना नाही. तिसरं, काचेच्या बशीत जंतूंची वाढ थांबणं वेगळं आणि जठराच्या चिकट थराखाली दडून बसलेले जंतू मरणं वेगळं. बशीत तर व्हिनेगरनेही पुष्कळ काही मरतं.

माणसांमध्ये आल्याचा गुण नीट दिसला आहे तो मळमळीवर. गरोदरपणातल्या मळमळीसाठी दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठ, म्हणजे अर्धा लहान चमचा, तीही थोडी थोडी विभागून, असे प्रयोग बऱ्याच ठिकाणी झाले आणि बायकांना उतार पडला. (गरोदर मुलींनी तरी डॉक्टरीणबाईंना विचारूनच घ्यावी.) ताज्या आल्यात पाचातले जवळजवळ चार भाग पाणीच असतं, तेव्हा १ ग्रॅम सुंठीला ताजं आलं ५ ग्रॅमच्या आसपास लागेल. आणि आल्याने जठरातलं अन्न लवकर पुढे सरकतं, हेही माणसांवर पाहिलेलं आहे. जेवणाआधी आलं-मीठ चघळायची आपली रीत उगाच पडलेली नाही.

पण सासूबाईंना पाचकाने जे "बरं" वाटत होतं, ते बहुधा एवढंच होतं. अन्न पुढे सरकत होतं, ढेकर येत होता. आत व्रण तसाच. मी डॉक्टरांना धीर करून विचारलं, "माझ्या पाचकाने तर नाही ना झालं?" ते म्हणाले, "नाही. व्रण गोळ्यांनी आणि जंतूंनी केला. पाचकाने फक्त तुम्हाला माझ्याकडे यायला उशीर केला." हे त्यांनी रागावून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

शिवाय आणखी एक. आल्यातली द्रव्यं प्रयोगशाळेत तरी त्याच ॲस्पिरिनच्या वाटेने थोडंफार काम करताना दिसतात. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आल्याचा रस किंवा कॅप्सूल असं भरमसाट काही घेऊ नये, म्हणून सांगतात. आमटीतलं, चहातलं आलं वेगळं. आणि कित्येकांना आल्यानेच छातीत जळजळ होते, हे तर तुमच्यापैकी अनेकींनी पत्रांतून कळवलेलं आहे, मीच त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

दिवाळीनंतर माहेरी गेले तेव्हा वडिलांच्या कपाटातून भावप्रकाश काढला. सोळाव्या शतकातला हा आयुर्वेदाचा ग्रंथ. त्यात आल्याची स्तुती आहेच. भूक वाढवणारं, वात-कफ घालवणारं, जेवणापूर्वी मिठाबरोबर खावं, सगळं आहे. पण लगेच पुढे कुणी खाऊ नये याचीही यादी आहे. पांडुरोग, रक्तपित्त, व्रण, दाह, आणि उन्हाळ्यात व शरद ऋतूत. मी वाचता वाचता थांबलेच. पांडुरोग म्हणजे अंग पांढुरकं पडणं. रक्तपित्त म्हणजे रक्त जाणं. ऋतू शरद, महिना आश्विन. आमच्या सासूबाईंचं जणू कुणी वर्णनच लिहून ठेवलं होतं. संस्कृत शिकवते मी, आणि आल्याच्या स्तुतीची ओळ पाठ होती, पुढची नव्हती. जुन्या वैद्यांना जठराच्या आतलं दुर्बिणीने दिसत नव्हतं, पण कुणाला देऊ नये हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात नेमकी तीच ओळ गळलेली असते.

आता उपचारांचं. दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी एक गोळी, चौदा दिवस, एकही वेळ न चुकवता. तोंड कडू होतं, हे अगदी खरं आहे. सासूबाई तर म्हणायच्या, "जिभेवर कुणी तांब्याचा पैसा ठेवलाय." पण अर्धवट सोडलं तर जंतू मरत नाहीत आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेनासं होतं. माझ्या मैत्रिणीला मी पहिलं हेच कळवलं आहे, की गोळ्या मुळीच थांबवू नका. यजमानांना आंबट-गोड काहीतरी तोंडात ठेवायला द्या, खडीसाखर द्या, रागवा, लाडीगोडी लावा, पण चौदा दिवस पुरे करून घ्या. कडूपणा औषध संपल्यावर जातो. आमच्याकडे मी कॅलेंडरवर रोज दोन फुल्या मारायची, आणि धाकटा नातू "आजी, फुली राहिली" म्हणून ओरडायचा. त्याच्या धाकाने एकही गोळी चुकली नाही.

औषध संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू गेले की नाही याची तपासणी करतात, फुंकर मारून किंवा शौचाची. तीसुद्धा करून घ्यावी, बरं वाटतंय म्हणून टाळू नये. त्या तपासणीपूर्वी आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, तेव्हा डॉक्टरांना विचारून तारीख ठरवावी.

लोहाच्या गोळ्यांबद्दल एक सांगायला हवं. रक्त कमी झाल्याने त्या सुरू केल्या, तेव्हा डॉक्टरांनी आधीच बजावलं, की यानेही शौचाचा रंग काळपट होतो, घाबरू नका. रक्ताने होतं ते डांबरासारखं चिकट, चकाकणारं आणि विलक्षण घाण वासाचं असतं. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण दिसले तरी ते रक्तच असतं. अशा वेळी पाचक नाही, जिरं नाही, सोडा नाही, तडक डॉक्टर. कारण नसताना वजन उतरणं, दम लागणं, पांढुरकेपणा यांनाही उपासावर ढकलू नये. आणि म्हाताऱ्या माणसांत गोळ्यांनी झालेला व्रण पुष्कळदा दुखतच नाही. पोट दुखत नाही म्हणून सगळं ठीक, असं समजू नका.

हे विचारायला लाज वाटते, मला ठाऊक आहे. सासऱ्यांना सून कसं विचारणार? मग मुलाने विचारावं. सासूबाईंना मी आता दर पंधरा दिवसांनी वेणी घालताना विचारते. पहिल्यांदा त्या "इश्श" म्हणाल्या. आता मी विचारायच्या आधीच, "पिवळं आहे गं बाई तुझं," असं सांगून मोकळ्या होतात.

घरातली गोळ्यांची डबी एकदा ओट्यावर पालथी करा. आमच्या डबीत चार निरनिराळ्या नावांच्या वेदनाशामक पट्ट्या निघाल्या आणि औषधवाल्या मुलाने वाचून सांगितलं, त्यातल्या तीन आतून एकच होत्या! सासूबाई कधी कधी सकाळी एक आणि संध्याकाळी "दुसरी" घ्यायच्या. आता डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल दिली आहे. ती पोटाला तशी इजा करत नाही, पण तीही सांगितल्याहून जास्त घ्यायची नाही. जोडीला लावायचं मलम आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. एक मात्र ध्यानात ठेवा. हृदयासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू असेल, तर हे वाचून ती आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, पोटाला जपणारी गोळी सोबत देता येते.

मग आलं घरातून हद्दपार केलं का? मुळीच नाही. फक्त त्याची जागा बदलली. व्रण भरेपर्यंत सासूबाईंना रस किंवा पाचक नाही, सुंठीचा काढा नाही. आमटी-भाजीत बोटभर तुकड्यातलं जे वाट्याला येईल तेवढं चाललं. आम्ही बाकीचे पूर्वीसारखेच खातो. ताकात किसलेलं आलं, मीठ आणि कोथिंबीर, किंवा मुगाच्या खिचडीवर आल्याचे केसासारखे काप तुपात परतून घातलेले, यांना तोड नाही. पाचक अजूनही करते, पण आता जड जेवणाआधी एक चमचा, धडधाकट माणसासाठी, आणि अनशापोटी नाही. कुणाला सलग आठवडाभर ते लागायला लागलं, तर बाटली उचलून ठेवते आणि कारण विचारते. पाचक संपलं की पूर्वी मी लगेच दुसरं करायची, आता ते का संपलं हे आधी बघते.

आलं टिकवायचं विचारलं होतं काहींनी. फ्रिजमध्ये ओलसर राहिलं तर बुरशी येते. कागदात गुंडाळून ठेवा, किंवा एका कुंडीत कोरड्या रेतीत पुरून ठेवा, लागेल तसं काढा. कोंब आला तर मातीत लावा, अक्षय्य तृतीयेची वाट बघायची गरज नाही, कुंडीला पंचांग लागत नाही.

पौषात सासूबाईंची दुसरी दुर्बीण झाली. व्रणाच्या जागी नुसता फिकट डाग दिसत होता, जंतूही गेलेले. हिमोग्लोबिन ११ च्या वर. घरी येताना रिक्षात त्या गप्पच होत्या. मला वाटलं थकल्या असतील. घरी आल्या, हातपाय धुतले, देवापुढे साखर ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "काय गं, आता चहात आलं घालशील की त्यालाही डॉक्टरांची चिठ्ठी लागेल?"

मी किसणी काढली.